गड्डा बुजवण्याचं परमिट

निखाडे साहेब पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी गॅसची नळी पाहायला मागितली. आमची ही कणीक मळत होती. नवा शेजारी थेट ओट्याखाली वाकतोय हे पाहून ती कणकेच्या हातांनीच बाजूला सरली. साहेबांनी नळी बोटांनी दाबून पाहिली, चष्मा कपाळावर सरकवून तिच्यावरची तारीख वाचली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाले, "मुदत संपली जी याची. उद्या बदलून टाका." मग बैठकीत येऊन त्यांनी चहा घेतला, बिस्किटं घेतली, आम्ही मूळचे कुठले याची चौकशी केली. जाताना दाराशी थांबून विचारलं, "मागच्या दाराची चाबी कोनापाशी असते?"

आम्हा दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नाही. ते रागावले नाहीत. नुसतं "हूं" म्हणाले आणि गेले. त्या संध्याकाळी आम्ही दोन तास ती चावी शोधली.

साहेब जाऊन आता दोन वर्षं होतील. वहिनींना लेकीनं पुण्याला नेलं. छत्तीसगढातल्या, सुपेल्यापलीकडच्या आमच्या कॉलनीत त्यांचं नाव निघालं की लोक अजून हसतात. मीही त्यांच्यावर पुष्कळ हसलोय, बहुतेक वेळा पाठीमागे, आणि दोनचारदा तोंडावर. तोंडावर हसलं तर त्यांना चालत असे. वायर उघडी ठेवलेली चालत नसे.

आम्ही दोघंही प्लांटमधून एकाच वर्षी निवृत्त झालो. माझं आयुष्य आस्थापना विभागात लोकांच्या रजा आणि बदल्या लिहिण्यात गेलं. साहेब भंडाऱ्याकडचे, लाखनीजवळच्या एका खेड्यातले. खलाशी, म्हणजे हाताखालचे मजूर, म्हणून लागले आणि चढत चढत सेफ्टीचे अधिकारी झाले. मी शेवटपर्यंत बाबू राहिलो, आणि ते मला शेवटपर्यंत 'बाबू'च म्हणत राहिले. मीही त्यांना 'साहेब' म्हणणं सोडलं नाही. लुंगीत समोर उभा असलेला माणूस साहेब वाटायला थोडा वेळ लागतो, पण त्यांच्या बाबतीत लागत नसे, कारण लुंगीखाली त्यांचे सेफ्टी शू असत.

प्लांटमध्ये त्यांना सगळे 'परमिट साहेब' म्हणत. कारखान्यात नोकरी न केलेल्या माणसाला हे थोडं समजावून सांगावं लागेल. तिथे धोक्याचं काम कोणी आपल्या मनानं सुरू करत नाही. आधी एक कागद निघतो, त्याला परमिट म्हणतात. एक जण तो देतो, दुसरा घेतो, दोघांच्या सह्या होतात. काम झालं, माणसं आणि हत्यारं मोजून झाली, जागा पाहून झाली, की दोघं पुन्हा सही करतात आणि परमिट बंद होतं. ते उघडं आहे तोवर काम संपलं असं कोणी म्हणायचं नाही, मग भले काम आठ दिवसांपूर्वी संपलेलं असो. निखाडे साहेबांनी किती परमिटं बंद केली याचा हिशोब नाही, पण अर्ध्या प्लांटला त्यांनी ताटकळत ठेवलं होतं हे मी शपथेवर सांगू शकतो.

माझ्या मुलाचं लग्न पावर हाउस भागातल्या एका हॉलमध्ये होतं. अंतरपाट धरला गेला, गुरुजींनी घसा साफ केला, आणि साहेब दिसेनात. ते हॉलच्या मागच्या दाराशी होते. त्या दाराला कुलूप होतं आणि दारापुढे खुर्च्यांची चळत. साहेबांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, चावी मालकाकडे आहे. साहेब म्हणाले, "बुलाओ." तोपर्यंत त्यांनी स्वतः एकेक खुर्ची उचलायला सुरुवात केली होती आणि आमच्या व्याह्यांकडची चार तरुण मुलं, पाहुणे असूनही, त्यांना मदत करत होती, कारण साहेब शांतपणे काही करू लागले की मदत न करणं अवघड जाई. मुहूर्त अकरा मिनिटांनी हुकला. व्याही माझ्याकडे पाहत होते. मी अंतरपाटाकडे पाहत होतो. शेवटी कुलूप उघडलं, दार सताड उघडं झालं, बाहेरून उन्हाची झळ आत आली आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

आग लागली नाही. काहीच झालं नाही. जेवणं झाली, पंगती उठल्या, लोक पुढच्याच दारानं गेले. आमची ही दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. आहेर म्हणून त्यांनी आग विझवायचं पाच किलोचं लाल नळकांडं दिलं होतं, वर सोनेरी रिबीन बांधून. ते अजून आमच्या जिन्याखाली आहे. सून दर वर्षी आठवणीनं ते भरून आणते.

एकदा ओट्यावर बसलो असताना मी त्यांना विचारलंच. म्हटलं, "साहेब, तुमच्यासमोर कधी काही वाईट घडलं होतं का?" मला वाटत होतं, एखादं जुनं दुखणं बाहेर येईल.

"सगळ्यायले असंच वाटते," ते म्हणाले. "याच्यासमोर कोनी मेलं असंन, म्हनून हा मानूस असा झाला. नाही जी. कोनीच नाही मेलं. पाळी सुटली का मी गेटवर उभा रायत होतो अन् मोजत होतो. जेवढे अंदर गेले, तेवढे बाहेर आले. रोज. आता हे कोनाले काय म्हनून सांगाव?"

त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला. तो फार दिवस टिकला नाही, कारण त्याच आठवड्यात त्यांनी माझी लाकडी शिडी जप्त केली.

आता साहेबांच्या स्विमिंग पूलबद्दल. साहेबांचं घर मूळ एका ट्रान्सपोर्टवाल्यानं बांधलेलं. त्या माणसाला हौस फार. मागच्या अंगणात त्यानं निळ्या टाइलचा स्विमिंग पूल केला होता, वीस फूट लांब, एका टोकाला गुडघाभर आणि दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल. काठावर सिमेंटचा डॉल्फिन. त्याच्या तोंडातून पाणी उडणार होतं, पण ते उडायच्या आत ट्रान्सपोर्टवाला रायपूरला निघून गेला. घर पाहायला आलेले लोक पूल पाहून परत जात. साहेबांनी घर घेतलं ते त्याला मागच्या बाजूनं दुसरा दरवाजा होता म्हणून. पूलकडे त्यांनी आग विझवायला साठवलेलं पाणी या नजरेनं पाहिलं आणि त्यांना तो आवडला.

पोहता त्यांना येत नव्हतं. वहिनींना तर पाण्याकडे पाहूनच गरगरायचं. त्यामुळे त्या पूलमध्ये पोहायला कोणी कधी उतरलं नाही, पण त्याच्याइतका सुरक्षित पूल साऱ्या छत्तीसगढात नसेल. चारी बाजूंनी लोखंडी कठडा, कठड्याला छोटं फाटक, फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग. ट्रकच्या टायरची ट्यूब, तिला दोरी. लांब बांबू. हिंदीत आणि मराठीत पाटी. डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे. वहिनी त्याला पूल म्हणत नसत, गड्डा म्हणत. गड्ड्याचा काठ मात्र त्यांनी कामी आणला होता. उन्हाळ्यात तिथे त्यांच्या कुरड्या आणि सांडगे वाळत, डॉल्फिनच्या पाठीवर पापडाचं पातळ फडकं पसरलेलं असे.

त्यांची एकुलती लेक वैशाली. लग्न होऊन पुण्याला गेली. तिची परी वर्षाची झाली तेव्हा ती पहिल्यांदा तिला घेऊन उन्हाळ्यात माहेरी आली. पाचव्या दिवशी दुपारी वहिनी कुरड्या उलटवायला गेल्या. दोन्ही हातांत परात, म्हणून फाटकाला त्यांनी विटेचा टेका दिला. परात घेऊन आत आल्या, वीट तशीच राहिली. पंधरावीस मिनिटांनी वैशालीच्या ओरडण्यानं मीही धावत गेलो. परी रांगत जाऊन पूलच्या उथळ टोकाला दुसऱ्या पायरीवर बसली होती. पाय पाण्यात. हातांनी पाणी उडवत होती आणि खिदळत होती. केसही भिजले नव्हते.

साहेब फाटकाशी उभे होते. मी त्यांना इतक्या वर्षांत घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. ते खाली वाकले, वीट उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. फाटक आपोआप बंद झालं. ते कोणी उघडं ठेवलं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. माझ्या मागच्या दाराची चावी विचारणारा माणूस हे विचारत नाही, याचं मला फार वाटलं.

वैशालीनं रात्रीच बॅग भरली. निघताना अंगणात म्हणाली, "बाबा, मैं सच बोल रही हूँ. जब तक वो गड्ढा है, मी परीले घेऊन या घरात पाय नाही ठेवत."

"ठीक हाय," साहेब म्हणाले. "बुजवतो."

"कब?"

"काम नीट झालं पायजे ना, बापा," साहेब म्हणाले.

हे वाक्य ऐकून वहिनी आत निघून गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या वाक्याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

वहिनींचे गुडघे गेलेले, आणि पायांवर सूज. एकदा हट्टानं पुण्याला जाऊन आल्या तर परतल्यावर आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले, आणि डॉक्टरनं पुन्हा असा प्रवास नको म्हणून सांगितलं. म्हणजे नातीनं इथे यायचं तेवढाच मार्ग उरला. रोज संध्याकाळी फोनवर चेहरा दिसायचा. परी फोन चाटायची, मग दात दाखवायची, मग फोन पाडायची. वहिनी एकदा आमच्या हिला म्हणाल्या, "ते पोट्टी मले मोबाईल समजते वो. आजी म्हनलं का फोनकडं बोट दाखवते." आणि हसल्या. हिनं घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा ही हसली नाही.

साहेबांनी सुपेल्याहून साहू ठेकेदाराला बोलावलं. साहू सकाळी आठला चार माणसं आणि दोन बाया घेऊन आला. घन, सब्बल म्हणजे आपली पहार, घमेली. पायांत चपला. साहेबांनी सगळ्यांना जांभळाच्या झाडाखाली बसवलं आणि काम सुरू होण्याआधी द्यायचं भाषण सुरू केलं. आजचं काम काय, त्यात धोके कोणते, घन मारताना मागे कोण उभं राहणार नाही, टाइलचा कपचा डोळ्यात गेला तर काय करायचं, सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता. मग प्रत्येकाला तेच उलट विचारलं. एका माणसाला दवाखाना सांगता आला नाही तेव्हा पहिल्यापासून सुरुवात केली. साडेनऊला त्यातली एक बाई घमेलं घेऊन उठली आणि म्हणाली, "साहेब, हमन गड्ढा पाटे बर आए हन, इस्कूल पढ़े बर नहीं."

गड्डा बुजवायला आलोय, शाळा शिकायला नाही, हे तिचं म्हणणं साहेबांना पटलं. ते म्हणाले, बरोबर आहे, चला, बूट घाला. बूट कोणाकडेच नव्हते. साहू म्हणाला, उद्या बूट घेऊन येतो. त्यानंतर तो मला सुपेल्याच्या बाजारात तीनदा दिसला. तिन्ही वेळा साहेब माझ्याबरोबर होते आणि तिन्ही वेळा तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

मग पावसाळा आला आणि पूल काठोकाठ भरला.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात साहेबांनी आपली चूक शोधून काढली. त्यांच्या मते चूक परमिटची होती. धोक्याचं काम आणि परमिटशिवाय, मग ते होणार कसं? त्यांनी जाड वही आणून पानांवर रकाने आखले, कार्बन घातला. पण परमिट देणारे तेच आणि घेणारेही तेच, हे त्यांना चालेना. एकाच माणसाच्या दोन सह्या असलेला कागद त्यांनी नोकरीत किती वेळा फाडला असेल. म्हणून ते माझ्याकडे आले.

"बाबू, तुम्ही घेनारे."

"साहेब, मी रजेचे अर्ज लिहिणारा माणूस. मला यातलं काय कळतं?"

"कळाची गरज नाही. मी सांगतो तसं करा, अन् मी चुकलो तं मले थांबवा. सही करा इथं."

मी केली. वहिनी खिडकीतून पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, यायले गड्डा नाही बुजवायचा. यायले गड्ड्यात नोकरी लागली."

पहिलं काम पाणी काढायचं. मासे आधी बादल्यांनी तळ्यात सोडले, त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पंप आला. ओल्या जागी वीज म्हणजे धोका, म्हणून साहेबांनी घराचा मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं, कुलपाला 'माणसं काम करत आहेत' अशी पाटी लटकवली आणि चावी शर्टाच्या खिशात ठेवून वरचं बटण लावलं. मग पंपाजवळ आले आणि म्हणाले, "सुरू करा."

पंपवाल्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वायर काढून फुंकर मारली. मी तिथे उभा होतो. परमिट घेणारा म्हणून मला चूक दिसली तर थांबवायचं होतं, पण थांबवण्यासारखं काही सुरूच झालं नव्हतं. पंपवाल्यानं मेनच्या दिशेनं पाहिलं, मग साहेबांच्या खिशाकडे. शेवटी साहेब स्वतःशीच म्हणाले, "डिझेलचा पायजे होता." डिझेलचा पंप मिळायला उन्हाळी धानाचा हंगाम संपावा लागला, कारण सगळे पंप शेतांवर गुंतले होते. तोवर आमच्या भागात पहिल्या सरी येऊन गेल्या आणि साहेबांनी ते परमिट 'काम झाले नाही' असं लिहून बंद केलं. मी सही केली.

मला तेव्हा त्यांचा खरंच राग यायला लागला होता. परी तिकडे चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, आणि इथे एक माणूस खिशात चावी घेऊन फिरत होता. मी एकदा बोललोसुद्धा. म्हटलं, "साहेब, तुमची काळजी बरोबर आहे, पण वहिनींकडे पाहा जरा." ते म्हणाले, "पाहूनच रायलो जी. म्हनूनच तं."

तिसऱ्या वर्षी काम झालं, आणि सांगायला हवं की उत्तम झालं. फेब्रुवारीतच डिझेलचा पंप आला. जामुलकडून जेसीबी आला. त्याला आत घ्यायला आमच्या दोन घरांमधली भिंत पाडावी लागली आणि आमच्या हिची तोंडलीची वेल गेली. जेसीबीचा पोरगेला ऑपरेटर साहेबांनी शिट्टी वाजवल्याशिवाय यंत्र हलवायचं नाही हे ऐकून म्हणाला, "साहब, गाड़ी मैं चला रहा हूँ कि सीटी?" तरी तीन दिवस तो शिट्टीवरच चालला. आधी तळाला ठिकठिकाणी भोकं पाडली, कारण नुसती माती ओतली तर खाली पाणी साचून राहतं आणि वरची जमीन चिखल होते. मग भिंती वरून तीन फूट तोडल्या. डॉल्फिन तुकडे होऊन तळाशी गेला. त्यावर मुरूम, फूटभर थर टाकायचा, पाणी मारायचं, ठोकायचं, मग पुढचा थर. एकाही माणसाला खरचटलं नाही. एप्रिलमध्ये मागच्या अंगणात सपाट तांबडी जमीन दिसायला लागली. वहिनींनी फोन लावला. वैशाली म्हणाली, मे महिन्यात येते, तिकीट काढते.

साहेबांनी जमिनीभोवती दोरी बांधली.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"परमिट बंद नाही झालं. भरावाची जागा हाय. एक पावसाळा जाऊ द्या लागते. माती बसते, कुठं पोकळ राह्यलं असंन तं कळते. दिवाळीले बोलवा पोरीले."

वहिनी घरात गेल्या आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या. गुडघे धरत, एका हातानं खुर्ची ओढत त्या दोरीखालून वाकून गेल्या आणि भर उन्हात जमिनीच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या.

"उठा," साहेब म्हणाले.

"माह्यं वजन बहात्तर किलो हाय. परीचं चौदा. पडाची असंन तं मी पडंन. बसून रायतो."

"उठ, विमल."

त्यांच्या तोंडून वहिनींचं नाव मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनी पदरानं चेहरा पुसला. "तीन वर्षं झाले. ते पोट्टी तीन वर्षाची मोठी झाली, अन् मी तीन वर्षाची म्हातारी. तुमच्या परमिटात हे कुठं लिवलं हाय? दाखवा मले. अन् दिवाळीपर्यंत मी असंन का नाही, याची सही कोन करन? भाऊजी करन?"

भिंतीच्या पाडलेल्या जागेतून मी आणि आमची ही दोघंही हे पाहत होतो. मी घरात गेलो, परमिटची वही माझ्याकडे असायची, ती आणली आणि माझ्या रकान्यात सही केली. सगळ्या नोकरीत मी कुठल्याच अधिकाऱ्याच्या आधी सही केली नव्हती. वही साहेबांपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

ते शेडमध्ये गेले. डोक्यावर हेल्मेट घालून आणि हातात सब्बल घेऊन आले, दोरी ओलांडली आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. दर हातभर अंतरावर सब्बल ठोकून पाहायची, मग ती बाजूला ठेवायची आणि त्या जागी दोन्ही पायांनी उडी मारायची. सासष्ट वर्षांचा माणूस, लुंगी खोचलेली, डोक्यावर पिवळं हेल्मेट. उडी, मग एक पाऊल, मग उडी. आजूबाजूच्या गच्च्यांवर लोक जमा झाले. कोणी हसलं असेल, मला आठवत नाही. वहिनी छत्रीसुद्धा न घेता मधोमध बसून होत्या आणि साहेब त्यांच्याभोवती उड्या मारत होते. असं दीड तास चाललं.

खोल टोकाच्या कोपऱ्यात त्यांचा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला.

सगळे थबकले. साहेबांनी पाय काढला, बूट झटकला, भोकात सब्बल घालून पाहिली. ती हातभर सहज गेली. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, बघा. मीच वही मिटली. वहिनींनीही मान खाली घातली होती.

"एक ट्रॉली मुरूम अजून लागन," साहेब म्हणाले. "बाबू, फोन लावा."

मुरूम त्याच संध्याकाळी आला. तो कोपरा खोदून पुन्हा भरला, पाणी मारलं, ठोकला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिथे पुन्हा उड्या मारल्या आणि मग माझ्याकडे वही मागितली. पेन कागदावर टेकवून ते बराच वेळ थांबले. पावसाळा न पाहता भराव बंद करणं म्हणजे त्यांच्या हिशोबानं खोटी सही होती, हे मला माहीत होतं. त्यांनी सही केली, तारीख टाकली आणि दोरी सोडायला गेले. गाठी त्यांनी इतक्या घट्ट बांधल्या होत्या की शेवटी विळ्यानं कापावी लागली.

मे महिन्यात वैशाली आली. परी आता चार वर्षांची, दोन वेण्या. रिक्षातून उतरली आणि वहिनींकडे पाहत उभी राहिली. मग जवळ जाऊन तिनं त्यांच्या गालाला बोट लावून पाहिलं. वहिनींनी तिला उचलायचं नव्हतं, डॉक्टरनं सांगितलं होतं. त्यांनी उचललं.

संध्याकाळी आम्ही सगळे मागच्या अंगणात बसलो होतो. ऊन उतरलं होतं, जमिनीवर पाणी शिंपडलं होतं. परी त्या तांबड्या मोकळ्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती. कशासाठी धावत होती ते कोणालाच माहीत नव्हतं. पाचव्यासहाव्या फेरीला ती पालथी पडली आणि तिनं भोकाड पसरलं. गुडघा मुरमावर खरचटला होता, रक्ताचे दोन थेंब आले होते.

आम्ही कोणीच परीकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. ते उठले आणि घरात गेले. वैशालीनं कपाळावर हात मारला. वहिनींनी परीला मांडीवर घेऊन हळद दाबली.

साहेब एक छापील फॉर्म आणि लिहायची फळी घेऊन आले. अपघाताचा अहवाल. तो निवृत्तीनंतर त्यांनी कशाला जपून ठेवला होता कोण जाणे. खुर्ची ओढून ते परीसमोर बसले आणि चष्मा लावला.

"नाव?"

"परी," ती हुंदके देत म्हणाली.

"काय करत होती तू?"

"भाग रही थी."

"कावून?"

परीनं विचार केला. "ऐसे ही," म्हणाली. लिहिणारा माणूस समोर बसलेला पाहून तिचं रडं थांबलं होतं.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. जागा, वेळ, इजा किती. एका रकान्यापाशी मात्र ते फार वेळ थांबले, मग काहीतरी लिहिलं, सही केली आणि साक्षीदार म्हणून फळी माझ्याकडे दिली. आयुष्यभर कागद वाचत आलेला माणूस मी, वाचल्याशिवाय सही करत नाही. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, धावणे. 'पुन्हा असे होऊ नये म्हणून उपाय' या रकान्यात लिहिलं होतं, काही नाही, धावू द्यावे.

मी सही केली. परी आजीच्या मांडीवरून उतरून पुन्हा पळत सुटली होती. खोल टोकाच्या कोपऱ्यात पोचली आणि परत पडली.

या वेळी साहेब उठले नाहीत.